डीएपी खत अजून का नाही आलं? बंदरावर अडकलेल्या जहाजांबद्दल आमच्या कास्तकार ग्राहकांसाठी

मृग लागला की आमच्या खताच्या दुकानात काउंटरवर दिवसभर एकच प्रश्न असतो, "डीएपी आलं का भाऊ?" नाही म्हटलं की दुसरा प्रश्न कोणी तोंडानं विचारत नाही, पण डोळ्यांत दिसतो. गोदामात दडवून तर नाही ठेवलं? तसा संशय येणं चूक नाही. आमच्या धंद्यात तसं करणारे आहेत, हे आम्हीच कशाला नाकारावं? पण दरवेळी तसं नसतं. पुष्कळदा तुमची बॅग समुद्रात उभी असते, बंदरापासून थोड्याच अंतरावर नांगर टाकलेल्या जहाजाच्या पोटात. ते जहाज तिथं का उभं राहतं, हे आम्हाला जेवढं समजलं तेवढं इथं लिहिलं आहे.

देशाला लागणाऱ्या डीएपीतला निम्म्याहून जास्त माल बाहेरून येतो. सौदी अरेबिया, मोरोक्को, रशिया आणि आधी चीनमधूनही भरपूर यायचा. पोटॅशसाठी तर आपण जवळपास पूर्ण परदेशावरच अवलंबून आहोत. डीएपी इथल्या कारखान्यात तयार झालं तरी त्याला लागणारं रॉक फॉस्फेट आणि फॉस्फरिक ॲसिड बहुतेक बाहेरचंच. म्हणजे घाटंजीच्या वावरात पडणाऱ्या दाण्यानं आधी समुद्र ओलांडलेला असतो.

हिशेब असा. खताचं एक मोठं जहाज साधारण ५० हजार टन माल आणतं, म्हणजे ५० किलोच्या १० लाख बॅगा. हा माल सुटा येतो, बॅगा बंदरावर भरतात. रेल्वेच्या एका रॅकमध्ये, म्हणजे एका अख्ख्या मालगाडीत, अडीच हजार टनांच्या वर माल बसतो. म्हणजे एक जहाज रिकामं करून उचलायचं तर एकोणीस-वीस रॅक लागतात. आपल्या भागासाठी त्यातली एखादी रॅक धामणगाव स्टेशनला लागते, आणि तिथून ट्रकनं शंभर-शंभर किलोमीटर माल फिरतो.

रांग कुठं लागते

दिवाळीनंतर खरेदी केंद्रावर कापूस नेला असेल तर रांगेचं शास्त्र तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त कळतं. पहाटे चारला गाडी जुंपली, तरी पोहोचता पोहोचता पुढे साठ-सत्तर गाड्या. रस्ता मोकळा, काटा चालू, ग्रेडर हजर. मग अडलं कुठं? आत जिनिंगच्या आवारात गंजी लावायला जागा नाही. गंजी का हलत नाही, तर प्रेसमध्ये गाठींचा ढीग पडला आहे. गाठी का पडून, तर उचलायला ट्रक आले नाहीत. ट्रक तिकडं कुठं तरी अडले, म्हणून तुमची गाडी इकडं रस्त्यावर आणि बैल उपाशी.

बंदराचं हुबेहूब असंच आहे. समुद्र मोठा आहे, पण जहाज लागतं ते धक्क्याला, आणि धक्के मोजके. त्यातही भरलेल्या जहाजाला बारा-तेरा मीटर खोल पाणी लागतं, त्यामुळं ते कुठल्याही धक्क्याला लागू शकत नाही. गुजरातचं कांडला बंदर तर खाडीत आहे, मोठ्या जहाजाला आत यायला भरतीची वाट बघावी लागते. धक्क्याला लागल्यावर क्रेनचे पंजे माल उपसतात. हवा चांगली असली तर पाच-सहा दिवसांत जहाज रिकामं होतं. पण उपसलेला माल ठेवायच्या शेड भरलेल्या असल्या तर पंजे थांबतात. शेड रिकाम्या व्हायला रॅक पाहिजे. रॅक नाही, म्हणून शेड भरलेल्या, म्हणून धक्क्यावरचं जहाज हलत नाही, म्हणून मागची जहाजं नांगर टाकून उभी.

आणि रॅक नेमकी तेव्हाच मिळत नाही जेव्हा आपल्याला पाहिजे असते. एप्रिल-मे महिन्यांत पंजाब-हरियाणाचा गहू उचलायला बंद डबे लागतात. खतालाही तेच बंद डबे. कोळशाचे डबे उघडे, ते वेगळे. पण रूळ आणि इंजिन तेच. २०२२च्या उन्हाळ्यात वीजकेंद्रांना कोळसा पोहोचवायला रेल्वेनं शेकडो प्रवासी गाड्या रद्द केल्या होत्या. माणसांच्या गाड्या थांबल्या, तिथं खताचं काय घेऊन बसलात?

वरून पाऊस. डीएपी, युरिया हवेतलं पाणी ओढून घेतात, हे तुमच्या घरातली उघडी राहिलेली बॅग सांगेल. त्यामुळं पाऊस सुरू झाला की जहाजाची झाकणं बंद करतात आणि उपसा थांबतो. आपण इथं आभाळाकडं डोळे लावून बसतो, आणि तोच पाऊस तिकडं आपलं खत अडवतो. पूर्व किनाऱ्यावर चक्रीवादळाचा इशारा आला तर धक्क्यावरची जहाजंसुद्धा खोल समुद्रात पाठवतात. ती परत येऊन पुन्हा लागेपर्यंत दिवस जातात, आणि एवढ्यात मागून आणखी जहाजं आलेली असतात.

सगळी जहाजं एकदमच का येतात

आमच्या मते खरी गोम इथं आहे, आणि तिच्याबद्दल कमी बोललं जातं. डीएपीच्या बॅगेचा दर सरकारनं १,३५० रुपयांवर धरून ठेवला. बाहेर भाव काहीही असो, मधला फरक अनुदानातून भरायचा. २०२२च्या खरिपात एका बॅगेवर २,५०१ रुपये अनुदान होतं, म्हणजे तुम्ही देता त्याच्या जवळपास दुप्पट. आता आयात करणाऱ्या कंपनीचा विचार करा. बाहेर भाव चढलेला, आणि अनुदान किती मिळणार ते पक्कं नाही. ती ऑर्डर देत नाही, थांबते. अनुदान जाहीर झालं की सगळ्या कंपन्या एकाच आठवड्यात ऑर्डर देतात. मग जहाजंही एकाच सुमारास येतात. बाजाराच्या दिवशी एसटी स्टँडवर जे होतं तेच.

त्यात चीननं २०२१च्या ऑक्टोबरपासून फॉस्फेट खताच्या निर्यातीवर बंधनं घातली. जवळचा विक्रेता गेला, लांबचा शोधावा लागला. २०२३च्या नोव्हेंबरपासून तांबड्या समुद्रात येमेनमधल्या हूथी बंडखोरांनी जहाजांवर हल्ले सुरू केले, तेव्हा सुएझ कालव्याची वाट सोडून बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. दहा-चौदा दिवसांचा फेर पडतो. जहाजं जास्त दिवस पाण्यावर राहिली की तेवढ्याच जहाजांत कमी फेऱ्या होतात, आणि वेळापत्रक मोडलं की जी जहाजं एकेक करून यायची ती झुंडीनं येतात. २०२४च्या मध्यावर सिंगापूरसारख्या शिस्तीच्या बंदरातही त्यामुळं रांगा लागल्या.

सुएझमध्ये २०२१ साली अडकलेलं 'एव्हर गिव्हन' तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. चारशे मीटर लांबीचं जहाज २३ मार्चला कालव्यात आडवं झालं आणि २९ला निघालं. सहा दिवसांत मागं शेकडो जहाजं तुंबली.

फवारणी पंपाचंही तेच

आमच्याकडचे बॅटरी पंप, त्यांच्या मोटारी, चार्जर यातलं बरंच सामान चीनमधून कंटेनरमध्ये न्हावा-शेवाला उतरतं. कोरोनाच्या काळात रिकामे कंटेनर अमेरिका-युरोपात पडून राहिले आणि चीनमध्ये भरायला कंटेनर मिळेना. ऑगस्ट २०२१मध्ये चीनच्या निंगबो बंदरात एक कामगार पॉझिटिव्ह निघाला म्हणून तिथलं एक टर्मिनल जवळपास दोन आठवडे बंद होतं. चाळीस फुटी कंटेनरचं भाडं कोरोनाआधी दीड हजार डॉलरच्या आत होतं, त्या वर्षी जगाची सरासरी दहा हजारांच्या वर गेली. त्या हंगामात पंप महाग का, म्हणून आमच्याशी भांडलेल्यांना तेव्हा नीट उत्तर देता आलं नव्हतं. आता देतो आहोत.

आमची एक चूक

एका खरिपात कंपनीच्या माणसाचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला, "वेसल बर्थ झालं." आम्ही खूश. काउंटरवर सगळ्यांना सांगितलं, आठ दिवसांत माल. एक काका एसटीनं चौदा किलोमीटरवरून तीनदा येऊन गेले. तिसऱ्या वेळी काही बोलले नाहीत, पाणी प्यायले, पिशवी घडी करून खिशात घातली आणि निघून गेले. बर्थ झालं म्हणजे फक्त जहाज धक्क्याला लागलं. उपसा, सरकारी नमुने, बॅगा भरणं, रॅक, धामणगाव, ट्रक हे सगळं बाकी होतं. ते आम्हाला तेव्हा कळायला पाहिजे होतं.

डीएपी नाही तर काय

डीएपीच्या एका बॅगेत ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद असतं. तेवढंच अन्नद्रव्य तीन बॅगा सिंगल सुपर फॉस्फेट आणि अर्धी बॅग युरिया यांतून मिळतं. वर सोळा-साडेसोळा किलो गंधक मिळतं, जे डीएपीत नाही आणि सोयाबीनला हवंच असतं. वाहून न्यायला ओझं जास्त, हे खरं. पेरणी यंत्रातून द्यायचं तर दाणेदार सुपर घ्या, भुकटी नळ्यांत अडकते. सुपर आणि युरिया मिसळून ठेवू नका, रात्रीतून पाणी सुटून लगदा होतो; मिसळायचं तर पेरायच्या वेळीच. युरिया बियाण्याला लागू देऊ नका, उगवण जाते. माती परीक्षणाचा कागद असेल तर घेऊन या, काही वावरांत एवढ्या स्फुरदाची गरजही नसते.

डीएपीसोबत दुसरी बाटली किंवा पुडी घ्याच, असं आमच्या दुकानात कोणी म्हटलं तर घेऊ नका आणि मालकाला सांगा. बॅग पॉस मशीनवर अंगठा लावूनच मिळेल, पावती मागून घ्या.

दाराजवळच्या फळ्यावर आम्ही आता तीन ओळी लिहितो: जहाज लागलं, रॅक लागली, ट्रक निघाला. पहिल्या दोन ओळी भरल्या तरी गावाहून निघू नका. तिसऱ्या ओळीत बॅगांचा आकडा आणि तारीख दिसली की या, किंवा त्याआधी दुकानात फोन करून तेवढी एक ओळ विचारा.