आतड्यांचा रेनकोट

अलास्काच्या किनाऱ्यावरचे युपिक आणि उनांगन या मूळनिवासी समाजांचे शिकारी कयाक ही अरुंद होडी घेऊन समुद्रात निघायचे, तेव्हा अंगात सीलच्या, वॉलरसच्या नाहीतर सी लायनच्या आतड्यांचा पारका घालायचे. पारका म्हणजे डोक्यातून घालायचा, टोपी असलेला अंगरखा. उजेडासमोर धरला तर तेलकट कागदासारखा पिवळसर दिसतो आणि पलीकडची बोटंही दिसतात. १७७८ मध्ये कॅप्टन कुक तिथे पोचला. सोन्याचा वर्ख कुटताना मध्ये घालतात त्या पापुद्र्यासारखं हे कापड दिसतं, असं त्याने लिहून ठेवलं. उपमा चपखल होती, कारण तो पापुद्राही आतड्याचाच असतो.

हे काम मुख्यतः बायकांचं. आतडं आतूनबाहेरून खरवडायचं, पुन्हापुन्हा धुवायचं, हवा भरून लांबलचक फुग्यासारखं वाळवायचं आणि मग उभं चिरून पट्टी काढायची. खरवडताना आतला बुळबुळीत थर आणि बाहेरचे स्नायू निघून जातात. उरतो तो मधला, कोलॅजन या प्रथिनाचा थर. त्याचे तंतू तिरपे, एकमेकांना छेद देत गेलेले असतात, म्हणून इतकं पातळ कापड इतकं चिवट. समुद्राचं पाणी त्यातून आत येत नाही, घामाची वाफ मात्र बाहेर पडते. शिवणीचा विचार तर थक्क करणारा आहे. प्राण्याच्या स्नायुरज्जूंपासून काढलेला दोरा भिजला की फुगतो आणि सुईने पाडलेलं भोक स्वतःच बुजवतो.

कडाक्याच्या थंडीत वाळवलेलं आतडं मात्र पांढरंशुभ्र आणि मऊ होतं. अलास्काजवळच्या सेंट लॉरेन्स बेटावर अशा पांढऱ्या पारक्यांच्या शिवणींत क्रेस्टेड ऑकलेट या समुद्रपक्ष्याचे तुरे आणि त्याच्या चोचीवरचे नारिंगी तुकडे ओवत. ते सणासमारंभाचे कपडे.

पाण्यापासून वाचवणाऱ्या या कपड्याला स्वतःला मात्र पाणी लागतं. कोलॅजनला लवचीकपणा ओलाव्यामुळे येतो, म्हणून पारका अंगात घालण्याआधी ओलसर करून घेत. संग्रहालयात तो वर्षानुवर्षं कोरड्या हवेत घडी घालून पडला, की कडक होतो आणि घडीवरच तडकतो. मग जुन्या वस्तूंचं जतन करणारे तज्ज्ञ त्याला हळूहळू दमट हवा देतात. बऱ्याचदा ओलावा आणि पारका यांच्या मध्ये गोअर-टेक्स हे रेनकोटचं आधुनिक कापड ठेवतात, म्हणजे वाफ पोचते आणि थेंब अडतो. आतडं हेच काम शेकडो वर्षं करत आलं होतं! दुसरी अडचण विषाची. कीड लागू नये म्हणून जुन्या संग्रहांवर आर्सेनिक आणि पाऱ्याची संयुगं मारली जात. त्यामुळे पारका मूळ समाजाकडे परत गेला, तरी तपासल्याशिवाय अंगात घालता येत नाही.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते अलास्कातल्या अँकरेज शहरात चाललेलं काम. स्मिथसोनियन या अमेरिकेतल्या मोठ्या संग्रहालय-संस्थेने २०१० मध्ये तिथल्या संग्रहालयाला सहाशेहून जास्त वस्तू दीर्घ मुदतीने दिल्या. त्या कपाटातून बाहेर काढून मूळ समाजातल्या लोकांना जवळून अभ्यासता येतील, अशीच मांडणी केली आहे. २०१४ मध्ये तिथे आतडं शिवण्याची कार्यशाळा झाली. सेंट लॉरेन्स बेटाच्या इलेन किंगीकुक आणि युपिक कलाकार मेरी ट्युनुचुक शिकवायला होत्या. जुन्या पारक्यांच्या नोंदींत तो गोळा करणाऱ्याचं नाव बहुधा सापडतं, शिवणारीचं क्वचितच. इथे शिवणाऱ्या समोर बसल्या होत्या आणि आतडं कितपत ओलं असताना सुई घालायची, ते हातात देऊन दाखवत होत्या.