आयरिश स्टेप डान्स

आयर्लंडचा पारंपरिक नाच. कमरेवरचं अंग ताठ, हात बाजूला सरळ आणि सगळा खेळ पायांचा. स्टेप म्हणजे साधारण आठ बारचा (बार म्हणजे तालाचा एक छोटा भाग) तुकडा, आधी उजव्या पायाने करायचा मग तोच डाव्याने, असे तुकडे जोडत नाच पुढे जातो. रील आणि स्लिप जिग हे नाचाचे प्रकार मऊ बुटांवर. हॉर्नपाइप आणि ट्रेबल जिग हे प्रकार कडक बुटांवर, त्यात आवाज हवाच, म्हणजे आपल्या कथ्थकच्या तत्कारासारखं पण घुंगरांशिवाय. हल्ली बुटाच्या टोकाला आणि टाचेला फायबरग्लास असतं, पूर्वी खिळे ठोकायचे.

उगम नक्की सांगता येत नाही. १८व्या शतकाच्या उत्तरार्धात गावोगाव फिरून नाच शिकवणारे डान्स मास्टर होते हे पक्कं, कारण १७७०च्या दशकात आयर्लंड फिरलेल्या आर्थर यंग या इंग्रज लेखकाने झोपडीझोपडीत शिकवणारे मास्तर, सोबत पायपर (बॅगपाइपसारखं वाद्य वाजवणारा) नाहीतर आंधळा फिडलवाला (व्हायोलिनवाला) आणि तिमाहीला सहा पेन्स फी, एवढं सगळं लिहून ठेवलंय.

हात ताठ का, यावर मात्र भरपूर वाद. कोणी म्हणतं पाद्र्यांना हातवारे अश्लील वाटायचे, कोणी म्हणतं दाराची फळी काढून तिच्यावर नाचायचे तिथे हात हलवायला जागाच नसायची. ऐकायला दोन्ही छान, पण आयर्लंडच्या पश्चिमेला कॉनेमाराकडचा शान-नोस ('जुन्या पद्धतीचा') नाच बघा, तिथले लोकही कॅथलिकच, जागाही तेवढीच, तरी हात मोकळे सोडतात. त्यामुळे मास्तरांची शिस्त आणि नंतर गेलिक लीगच्या (आयरिश भाषा-संस्कृती जपणारी संघटना, स्थापना १८९३) स्पर्धांनी ठरवलेली 'शुद्ध' शैली, हेच कारण जास्त पटतं. पुढे १९३०च्या आसपास लीगने नाचासाठी वेगळा आयोगच नेमला, मग शिक्षक-परीक्षकांच्या परीक्षा, नियम, सगळंच आलं. जागतिक स्पर्धा १९७० पासून.

३० एप्रिल १९९४ ला डब्लिनमध्ये युरोव्हिजन या युरोपातल्या गाण्यांच्या स्पर्धेच्या मध्यंतरात 'रिव्हरडान्स' झाला, जेमतेम सात मिनिटांचा, संगीत बिल व्हेलनचं. मुख्य जोडी मायकल फ्लॅटली आणि जीन बटलर, दोघंही अमेरिकेत जन्मलेले, आणि फ्लॅटलीने तर हात चक्क उघडले. १९९५ पासून 'रिव्हरडान्स'चा पूर्ण शो झाला. स्पर्धांमध्ये सोलोला हात अजूनही खालीच लागतात.

अमेरिकेतल्या टॅप डान्समध्ये आयरिश जिग आणि आफ्रिकन वंशाच्या लोकांचे नाच मिसळलेत हे बहुतेक अभ्यासक मानतात. कॅनडातल्या केप ब्रेटनचा स्टेप डान्स वेगळा, तो मुख्यतः स्कॉटिश वसाहतवाल्यांचा धरतात.