तणनाशक आणि सशाचा डोळा

'तणनाशक डोळ्याला झोंबतं का, हे सशाच्या डोळ्यात टाकल्याशिवाय कळतच नाही,' हा समज चुकीचा आहे. ती ड्रेझ चाचणी 1944 ची. आता आधी रसायनाचा सामू, म्हणजे आम्ल-अल्कता दाखवणारा pH, पाहतात. तो 2 किंवा त्याखाली, अथवा 11.5 किंवा त्यावर असेल तर ते डोळ्याला घातक धरता येतं, सशाला हात लावायची गरजच नाही. नंतर कत्तलखान्यातून आणलेल्या गुरांच्या डोळ्यांचं पारदर्शक पटल वापरतात. द्रवरूप नमुना त्यावर साधारण 10 मिनिटं ठेवतात, मग पटल किती धुरकटलं आणि त्यावर नंतर टाकलेलं रंगद्रव्य त्यातून किती झिरपलं, हे मोजतात. सौम्य दाह ओळखायला प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींचा थर असतो. आणि हो, नुसतं मूळ रसायन तपासून भागत नाही. बाटलीतल्या मिश्रणातला फेसाळ घटकही डोळ्याला चांगलाच झोंबू शकतो.