समोर दाणे, तरी पोट अर्धंच

थंडीत बागेतल्या फीडरसमोर, म्हणजे पक्ष्यांसाठी टांगलेल्या दाण्यांच्या भांड्यासमोर, तासभर बसलं की एक गोष्ट खटकते. दाणे काठोकाठ भरलेले, दिवस लहान, पुढे लांबलचक रात्र. युरोपातल्या ग्रेट टिटसारख्या चिमुकल्या पक्ष्याने खरं तर बकाबका खाऊन घ्यायला हवं. पण तो येतो, एक दाणा उचलतो, फांदीवर नेऊन पायाखाली दाबतो, चोचीने ठोकून फोडतो. मग पुन्हा एक फेरी. मध्येच बराच वेळ फिरकतच नाही.

हा पक्षी जेमतेम 18 ग्रॅमचा. शरीर जितकं लहान, तितकी उष्णता भराभर निसटते, आणि याला आतलं तापमान 40 अंशांच्या आसपास टिकवायचं असतं. पिसं फुलवून तो त्यांत हवा कोंडून ठेवतो. थंडीत तो चेंडूसारखा दिसतो तो त्यामुळे. रात्रीचं जळण म्हणजे दिवसा साठवलेली चरबी. कडाक्याच्या एका रात्रीत वजनाचा दहावा हिस्सा जळून जाऊ शकतो. उत्तर अमेरिकेतली चिकाडी, टिटचीच नातलग, तर रात्री शरीराचं तापमानच सुमारे 10 अंशांनी उतरवते, तेवढीच काटकसर.

मग चरबी भरपूर का साठवत नाहीत? कारण जड पक्ष्याला झटकन उडता येत नाही.

ऑक्सफर्डजवळच्या विथमच्या जंगलात ग्रेट टिटचा अभ्यास 1947 पासून चालू आहे. लहान पक्ष्यांवर झडप घालणारा स्पॅरोहॉक कीटकनाशकांमुळे तिथून काही वर्षं नाहीसा झाला, तेव्हा टिटची वजनं वाढली. तो परतला आणि वजनं पुन्हा उतरली! 1995 मध्ये हे प्रसिद्ध झालं. उपासमार एकीकडे, शिकारी दुसरीकडे. पक्ष्याचं वजन या दोघांच्या मधे कुठेतरी ठरतं.

त्यातही दांडगाईचा भाग आहेच. जो इतरांना हुसकावतो त्याला हवं तेव्हा खायला मिळतं, म्हणून तो सडपातळ राहू शकतो. ज्याला धक्के खावे लागतात त्याला पुढच्या घासाची खात्री नसते, म्हणून तोच जास्त चरबी अंगावर वागवतो. तेव्हा गुबगुबीत टिट दिसला तर त्याला सुखवस्तू समजू नका.

गावाबाहेर, झाडीत, हेच पक्षी मिश्र थव्यांनी हिंडतात. डोळे जास्त, त्यामुळे प्रत्येकाला मान वर करून बघण्यात कमी वेळ घालवावा लागतो. फीडरवरच्या गर्दीला मात्र एक खोट आहे: रोग पसरतो. ब्रिटनमध्ये 2005 नंतर ट्रायकोमोनोसिस या परजीवीमुळे होणाऱ्या रोगाने ग्रीनफिंच या पक्ष्याची संख्या कोसळली. दूषित दाणापाण्यातून तो परजीवी पसरतो. फीडर नियमित धुवा, ओले दाणे टाकून द्या.

बघायला बसायचंच असेल तर दिवस मावळण्याआधीचा अर्धा तास गाठा. ओझं जितकं उशिरा चढवावं तितका धोका कमी, म्हणून बरीचशी भरती आता चालते. फेऱ्या वाढतात, भांडणंही. तेवढ्यात कुठूनतरी बारीक, लांबट ‘सीऽऽ’ येतं. शिकारी दिसल्याचा तो इशारा, आणि कुठून आला ते शिकाऱ्याला नेमकं कळू नये असाच तो आवाज असतो. फीडर क्षणात रिकामा होतो आणि दोरीवर नुसता झुलत राहतो.