सॉल्झबरी कॅथीड्रलचे घड्याळ

इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातील सॉल्झबरी कॅथीड्रलमध्ये जतन केलेले लोखंडी मनोरा-घड्याळ. त्याला तबकडी नाही, काटे नाहीत; घंटेवर तासांचे टोले देणे एवढेच त्याचे काम. ते १३८६ च्या सुमारास घडवले गेले असावे, असे सामान्यतः सांगितले जाते. त्यामुळे चालू स्थितीतील जगातील सर्वांत जुने यांत्रिक घड्याळ असा त्याचा उल्लेख वारंवार होतो. मात्र कारागिराचे नाव किंवा सन त्यावर नाही आणि त्याच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

घड्याळाचा सांगाडा घडीव लोखंडाचा असून त्याची लांबी-रुंदी-उंची ढोबळमानाने एक ते सव्वा मीटर आहे. सांधे कूस, खाच आणि पाचर यांनी आवळलेले आहेत. मूळ जोडकामात नट-बोल्ट नाहीत. हे काम लोहाराच्या भट्टीतले आहे, घड्याळजीच्या मेजावरचे नव्हे. सांगाड्यात दोन चक्रमाला, म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या दातेरी चाकांच्या माळा, आहेत; एक वेळ राखणारी आणि दुसरी टोले देणारी. प्रत्येकीच्या रुळाभोवती दोर गुंडाळलेला असून त्याला दगडी वजन टांगलेले असते. वजने रोज एकदा वर ओढून घ्यावी लागतात. टोल्यांची संख्या एका खाचदार चाकाने ठरते. त्याच्या कडेवरील खाचांमधील अंतर क्रमाने वाढत जाते, त्यामुळे एकापासून बारापर्यंत मिळून बारा तासांत ७८ टोले पडतात.

वेळ राखणाऱ्या बाजूचे नियंत्रण ‘व्हर्ज’ आणि ‘फोलिओ’ यांच्याकडे असते. व्हर्ज म्हणजे दोन पाती बसवलेला उभा दांडा. ही पाती मुकुटाच्या आकाराच्या चाकाचे दात आळीपाळीने अडवतात आणि सोडतात. या दांड्याच्या माथ्यावरील आडवी दांडी म्हणजे फोलिओ. तिच्या टोकांशी लहान वजने असतात. ती बाहेर सरकवली की घड्याळ मंद चालते, आत घेतली की जलद. फोलिओला लंबकासारखी स्वतःची लय नसते. वंगण घट्ट झाले किंवा घर्षण वाढले तरी तिची गती बदलते. त्यामुळे अशा घड्याळांत दिवसाकाठी पाव तासाची चूक अपवादात्मक मानली जात नसे. सूर्यछायेवरून ती दुरुस्त करण्यासाठी राखणदार लागे आणि या घड्याळाच्या कालनिश्चितीचा मुख्य धागा याच राखणदारापाशी पोहोचतो.

१३८६ च्या एका दस्तऐवजात कॅथीड्रलच्या घड्याळाची देखभाल करणाऱ्यासाठी घराची तरतूद केल्याचा उल्लेख आहे. त्या वर्षी सॉल्झबरीत घड्याळ होते एवढे यावरून निश्चित होते. ते हेच घड्याळ, असे दस्तऐवज म्हणत नाही. पुढील दुवा बिशप राल्फ अर्घम यांचा आहे. ते १३७५ ते १३८८ या काळात सॉल्झबरीचे आणि त्यानंतर १४०० पर्यंत बाथ व वेल्सचे (इंग्लंडमधील शहरे; वेल्स हा प्रांत नव्हे) बिशप होते. वेल्स कॅथीड्रलच्या हिशेबांत घड्याळाच्या राखणदाराचा मेहनताना १३९२-९३ पासून आढळतो. वेल्सच्या जुन्या यंत्राचे या यंत्राशी साम्य आहे. या दोन गोष्टींवरून दोन्ही घड्याळे अर्घम यांनी एकाच कारखान्याकडून करवून घेतली असावीत, असा तर्क मांडला गेला. इंग्लंडचा राजा तिसऱ्या एडवर्डने १३६८ मध्ये नेदरलँड्समधील डेल्फ्टच्या तीन घड्याळ-कारागिरांना इंग्लंडमध्ये येण्यासाठी अभयपत्र दिले होते. हे काम त्यांचे किंवा त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या माणसांचे असावे, असेही सुचवले गेले आहे. सूचना आकर्षक आहे, पण ते कारागीर आणि सॉल्झबरी यांना जोडणारा कागद पुढे आलेला नाही. फ्रान्समधील रूआंच्या १३८९ च्या मोठ्या घड्याळाच्या बाबतीत कारागीर म्हणून झां द फेलें यांचे नाव नोंदलेले आहे. तसा आधार येथे नाही.

घड्याळ मुळात कॅथीड्रलपासून सुट्या उभ्या असलेल्या घंटाघरात होते. वास्तुविशारद जेम्स वायट यांनी कॅथीड्रलमध्ये केलेल्या फेरबदलांच्या वेळी, १७९० च्या सुमारास, घंटाघर पाडले गेले आणि घड्याळ मुख्य इमारतीच्या मधल्या मनोऱ्यात हलवण्यात आले. १८८४ मध्ये नवे घड्याळ बसल्यावर जुने अडगळीत गेले. १९२८ च्या सुमारास टी. आर. रॉबिन्सन या घड्याळप्रेमी अभ्यासकाला ते मनोऱ्यात आढळले. तोपर्यंत त्याचे फोलिओ नाहीसे होऊन लंबक बसलेला होता. लंबकाचे घड्याळ क्रिस्तियान हॉयगेन्स यांनी १६५६ मध्ये सिद्ध केले, म्हणजे हा बदल त्यानंतरचाच. १९५६ च्या जीर्णोद्धारात लंबक काढून व्हर्ज आणि फोलिओ नव्याने घडवून बसवण्यात आले. प्रेक्षकांचे लक्ष वेधून घेणारी डोलती दांडी म्हणूनच विसाव्या शतकातील आहे, ही गोष्ट लोकप्रिय वर्णनांत बहुधा गाळली जाते.

संशयवाद्यांचा मुख्य आक्षेप पद्धतीवर आहे. कागदावरचे घड्याळ आणि मनोऱ्यातले घड्याळ एकच असे आधी गृहीत धरायचे आणि मग रचनेला तो काळ लावायचा, हे तर्काला धरून नाही. लोहारकामाच्या पद्धती शतकानुशतके फारशा बदलल्या नाहीत, त्यामुळे पाचरीच्या सांध्यांवरून केवळ जुनेपणा दिसतो, शतक ठरत नाही. इंग्लंडमधील डोव्हर किल्ल्यातील घड्याळाचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते. ते दीर्घकाळ १३४८ चे मानले जाई. आता ते १६०० च्या आसपासचे समजतात. सॉल्झबरी आणि वेल्स येथील घड्याळांच्या अस्सलपणावर ब्रिटनच्या अँटिक्वेरियन हॉरॉलॉजिकल सोसायटीने (जुन्या घड्याळांच्या अभ्यासकांची संस्था) १९९३ मध्ये परिसंवाद घेतला, पण तेथेही एकमत झाले नाही. सांगाडा आणि टोल्यांची चक्रमाला जुनी, वेळेची चक्रमाला मात्र अनेकदा बदललेली, असे मधले मत उपलब्ध पुराव्याला अधिक जवळचे वाटते. तरी या ‘जुनी’चा अर्थ चौदावे शतक असाच घ्यावा, अशी सक्ती त्यातून होत नाही.

‘सर्वांत जुने’ या किताबालाही प्रतिस्पर्धी आहेत. फ्रान्समधील बोव्हे कॅथीड्रलच्या घड्याळाचा काळ काही जण चौदाव्या शतकाच्या आरंभी नेतात. इटलीतील किओज्जा येथील मनोरा-घड्याळासाठीही नेमके १३८६ हेच वर्ष सांगितले जाते.

सॉल्झबरीचे घड्याळ आज कॅथीड्रलच्या मुख्य दालनाच्या उत्तर बाजूस ठेवलेले आहे. वेल्सचे जुने यंत्र १८८४ पासून लंडनच्या सायन्स म्युझियमकडे आहे. दोन्ही एकाच हातची हे मान्य केल्यास एकाच्या कालनिश्चितीतील कोणताही बदल दुसऱ्यालाही लागू होतो.