टीडीएसच्या आकड्यामागचा इतिहास

बोरिंगचं पाणी जड आणि नर्मदेचं गोडं, हे इंदूरला घरोघरी जिभेवरच कळायचं. आता आरओवाला मीटर बुडवून टीडीएसचा, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा, आकडा दाखवतो (मीटर तो पाण्यातून वीज किती जाते त्यावरून काढतं), वर दोन सळ्यांचं यंत्र लावून पाणी लाल-हिरवं करून घाबरवतो ते वेगळंच. तो रंग बहुतेक सळईच्याच लोखंडाचा हो, करंट गेला की ते विरघळून गंजतं, आणि आरओच्या पाण्यात क्षारच कमी म्हणून करंट नीट जात नाही, मग रंग कुठून येणार!

पण क्षारांनी वीज जाते कशी हे कळायला शंभरावर वर्षं गेली. १७७० च्या दशकात शास्त्रज्ञ हेन्री कॅव्हेंडिशकडे मीटरबिटर काही नव्हतं, हा गडी पाण्यातून येणारा शॉक स्वतःच्या अंगावर घ्यायचा आणि कुठला जास्त झोंबला ते ताडून बघायचा, आणि एवढ्यावर त्याने सांगितलं की समुद्राचं पाणी पावसाच्या पाण्यापेक्षा १०० पट बरी वीज नेतं. कमाल आहे.

१८०० मध्ये व्होल्टाची बॅटरी आली, त्याच वर्षी निकल्सन-कार्लाइल या दोघांनी तिच्या करंटने पाणी हायड्रोजन-ऑक्सिजनमध्ये फोडून दाखवलं. १८३४ पर्यंत फॅरडेने अशा फोडण्याचे नियम बसवले, आयन (चार्ज असलेला कण) हे नावही तेव्हाचंच, पण त्याला वाटायचं की करंटच पदार्थाला फोडतो. पुढे कोलराउश या शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की डीसीने (एकाच दिशेच्या करंटने) सळ्यांवर बुडबुडे वगैरे जमून माप बिघडतं, म्हणून त्याने एसी (दिशा बदलत राहणारा करंट) वापरला, आणि चांगली मीटरं आजही तेच करतात.

खरी गंमत स्वीडनच्या आऱ्हेनियसची. १८८४ ला उप्साला विद्यापीठात याच विषयावर प्रबंध दिला तर परीक्षकांनी जेमतेम पास केला, रसायनशास्त्रज्ञ ओस्टवाल्डला मात्र तो इतका आवडला की तो स्वतः भेटायला आला. १८८७ ला आऱ्हेनियसने सरळच सांगितलं, मीठ विरघळलं की आयन आपोआप सुटे होतात, करंट असो नसो. लोक म्हणाले, अहो मिठातला सोडियम पाण्यात पेट घेतो, क्लोरीन विषारी वायू, दोघं ग्लासात गप बसतील कसे? बसतात, कारण ते चार्ज असलेले आयन, नुसत्या सोडियम-क्लोरीनचे गुण त्यांना नाहीतच. १९०३ ला याच कामाला नोबेल मिळालं. तरी मिठासारख्या क्षारांचं गणित त्याच्या हिशोबात बसत नव्हतंच, ते डेबाय आणि ह्यूकेल या शास्त्रज्ञांनी १९२३ मध्ये सोडवलं.