बाह्यपटल आणि उपसा पंप : जिवाणूंच्या औषधप्रतिरोधाची पार्श्वभूमी

ग्रॅम ऋण जिवाणूंवर (म्हणजे ग्रॅम रंजनाच्या चाचणीत मूळ रंग टिकवून न ठेवणाऱ्या जिवाणूंवर) अनेक प्रतिजैविके चालत नाहीत, याचे कारण त्यांच्या आवरणात शोधण्याची पद्धत दीर्घकाळ रूढ होती आणि ती निराधार नव्हती. या जिवाणूंना पेशीपटलाबाहेर आणखी एक पटल असते. त्याचा बाहेरचा थर लिपोपॉलिसॅकराइडचा (मेद आणि शर्करा यांच्या जोड-रेणूचा) असल्याने तेलकट रेणू त्यातून सहज शिरत नाहीत. पाण्यात विरघळणाऱ्या रेणूंना पोरिन या प्रथिनांच्या छिद्रांतून वाट मिळते, हे १९७६ मध्ये स्पष्ट झाले. आतड्यात आढळणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूच्या छिद्रांतून साधारण ६०० डाल्टनपर्यंतचे रेणू जातात (डाल्टन हे रेणूच्या वजनाचे एकक). सुमारे १४५० डाल्टनचे व्हँकोमायसिन हे प्रतिजैविक बाहेरच अडते.

टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक मात्र ६०० डाल्टनच्या मर्यादेहून लहान असल्याने छिद्रांतून जाऊ शकते, आणि तरीही प्रतिरोधी जिवाणूंत ते साठत नसे. बोस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठात स्टुअर्ट लेव्ही आणि लॉरा मॅकमरी यांनी १९८० मध्ये याचा छडा लावला. त्यांनी प्रतिरोधी ई. कोलायच्या पेशी फोडून, पटलाची आतली बाजू बाहेर आलेल्या सूक्ष्म पिशव्या तयार केल्या. ऊर्जा मिळताच या पिशव्या टेट्रासायक्लिन आत ओढून घेऊ लागल्या. उलट्या पटलात औषध आत येते, म्हणजेच जिवंत पेशीत ते बाहेर फेकले जात होते.

तरीही हा प्रकार काही काळ टेट्रासायक्लिनपुरता अपवाद मानला गेला. अमेरिकेतील बर्कले येथील शास्त्रज्ञ हिरोशी निकाइदो यांनी पटलाच्या पारगम्यतेचा, म्हणजे त्यातून रेणू किती सहज जातात याचा, हिशेब मांडला, तेव्हा नवी अडचण पुढे आली. स्यूडोमोनास एरुजिनोसा या दुसऱ्या ग्रॅम ऋण जिवाणूचे बाह्यपटल ई. कोलायच्या तुलनेत सुमारे शंभर पट कमी पारगम्य असले, तरी लहान रेणू त्यातून अखेर आत पोहोचतातच, आणि तेही जिवाणूचे विभाजन होण्याच्या कितीतरी आधी. नुसत्या अडथळ्याने एवढा प्रतिरोध येणे शक्य नव्हते. १९९३ च्या सुमारास स्यूडोमोनासमधील मेक्सएबी-ओपीआरएम आणि ई. कोलायमधील एसीआरएबी या, औषध बाहेर फेकणाऱ्या प्रथिन-पंपांची जनुके हाती आली, तेव्हा हिशेब जुळला. यांतील दुसऱ्याचे नाव अ‍ॅक्रिफ्लेव्हिन या रंगद्रव्यावरून आले आहे, कारण त्याला बळी पडणारे उत्परिवर्तित जिवाणू १९६० च्या दशकातच जपानमध्ये सापडले होते. त्या वेळी हा दोष पटलाच्या रचनेचा समजला गेला, आणि उपलब्ध माहिती पाहता ते चूकही म्हणता येत नाही.

या पंपांचे खरे बळ त्यांच्या लांबीत आहे. एसीआरएबी पंपात आतल्या पटलातील एसीआरबी हे प्रथिन, त्याला जोडणारे एसीआरए आणि बाह्यपटलातून आरपार जाणारी टीओएलसीची नळी अशी ही सलग रचना दोन पटलांमधल्या जागेतूनच औषध उचलते आणि थेट जिवाणूच्या बाहेर सोडते. बाहेर पडलेल्या रेणूला आत येण्यासाठी बाह्यपटल पुन्हा ओलांडावे लागते. होडीत पाणी जितके हळू झिरपेल तितका उपसा पुरा पडतो. इथेही पटल आणि पंप एकमेकांशिवाय अपुरे आहेत. टीओएलसीची रचना २००० मध्ये, तर एसीआरबीची २००२ मध्ये उलगडली. एसीआरबीचे तीन घटक आळीपाळीने औषध पकडणे, दाबणे आणि सोडणे अशा अवस्थांतून जातात, हे २००६ मधील संशोधनातून दिसले.

हा पंप पित्तक्षारही बाहेर टाकतो, म्हणजे आतड्यात टिकून राहण्याशी त्याचा संबंध औषधांच्या वापराहून कितीतरी जुना असावा. पंप रोखणारी पीएबीएनसारखी संयुगे प्रयोगशाळेत प्रभावी ठरली आहेत, परंतु विषारीपणाची अडचण दूर न झाल्याने असे एकही औषध अद्याप रुग्णांच्या उपचारात आलेले नाही.